निगेटिव्ह लिहिलेली नळी

ऑपरेशन थिएटरमधून गाठ येते ती बर्फावर. लहान नळीत गुलाबी द्रव, त्यात करंगळीच्या नखाएवढा तुकडा, बाहेर चिकटपट्टीवर एक सांकेतिक क्रमांक. नाव नसतं, वय नसतं. संमतीपत्र वेगळ्या फायलीत कुलूपबंद असतं. निदानाला लागणारा भाग पॅथॉलॉजिस्टने आधीच काढून घेतलेला असतो, उरलेला आमच्याकडे येतो. असा तुकडा पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझ्या हातातला चिमटा थरथरत होता. त्याला आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. चिमटा थरथरत नाही, पण नळी आली की लॅबमधलं बोलणं आपोआप थांबतं. ते अजून तसंच आहे.

त्या तुकड्यातून सुट्या, जिवंत पेशी मिळवायच्या असतात. आधी ब्लेडने बारीक चिरायचा. मग कोलॅजिनेज नावाच्या एन्झाइममध्ये ३७ अंश सेल्सियसला हलवत ठेवायचा, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळतं. वेळ कमी पडला तर गुठळ्या राहतात, जास्त झाला तर पेशींच्या अंगावरची प्रथिनं झिजतात, आणि पुढे आपल्याला पेशी ओळखायच्या असतात त्या याच प्रथिनांवरून. त्यानंतर ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, रक्ताच्या लाल पेशी फोडून धुवून टाकायच्या, ट्रायपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. निळी झाली ती पेशी मेली. कधीकधी सगळा दिवस घालवून मोजणीत बहुतेक निळ्याच दिसतात. त्या संध्याकाळी मला प्रयोग फसल्यापेक्षा कुणाचा तरी विश्वास वाया गेल्याचं जास्त लागतं. ज्या बाईंनी ऑपरेशनच्या आदल्या रात्री आमच्या कागदावर सही केली, त्यांना हे कधी कळणारही नसतं.

या कामात मी आले ते एका पेपरमुळे. २००३ साली माझ्या गाईड मॅडमनी तो माझ्या टेबलावर ठेवला. मिशिगन विद्यापीठातल्या मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगातल्या पेशी दोन खुणांवरून वेगळ्या केल्या होत्या. सीडी४४ हे प्रथिन अंगावर आहे, पण सीडी२४ नाही किंवा अगदी थोडं आहे, अशा जेमतेम १०० पेशी उंदरात टोचल्या तरी गाठ धरत होती. त्याच गाठीतल्या वेगळ्या खुणांच्या पेशी हजारोंनी टोचूनही काही उगवत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हा वाच, आणि केमोनंतर गाठ परत का येते ते सोमवारी मला तुझ्या शब्दांत सांग."

सोमवारी मी हरळीचं उदाहरण दिलं. हरळी वरून कितीही कापा, जमिनीत काशा राहिल्या की आठवड्यात वाफा पुन्हा हिरवा. केमोची बहुतेक औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर चालतात, म्हणजे पात्यांवर. खाली काही पेशी सुस्त असतात, सावकाश विभागतात, आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात, डीएनएला झालेली इजा चटकन दुरुस्त करतात. त्या वाचतात आणि त्यांच्यापासून गाठ पुन्हा उभी राहते. निरोगी शरीरात रक्त, त्वचा, आतड्याचं अस्तर मूलपेशींपासून सतत नवं होत असतं. कर्करोगानेही तीच रचना उचललेली आहे. म्हणून त्या पेशींना नाव पडलं कर्करोगाच्या मूलपेशी, आमच्या बोलण्यात कॅन्सर स्टेम सेल. मॅडमना उदाहरण आवडलं. मलाही पुढची सहा-सात वर्षं ते पुरलं.

कल्पना त्याआधीचीच होती. १९६१ मध्ये टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरणांनी हाडांतली मज्जा मारलेल्या उंदरांना निरोगी मज्जेतल्या पेशी दिल्या. काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर उंचवटे आले आणि पुढे कळलं, की त्यातला प्रत्येक उंचवटा एकाच पेशीपासून वाढलेला आहे. १९९४ साली त्याच शहरात जॉन डिक यांच्या गटाने तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पेशी उंदरांत टोचल्या, तेव्हा आजार पुन्हा उभा करू शकणाऱ्या पेशी अगदी विरळ निघाल्या. मी शिकत होते तेव्हा हा विचार रक्तातून घट्ट गाठींच्या कर्करोगाकडे सरकत होता. २००४ मध्ये मेंदूच्या गाठी, २००७ मध्ये मोठं आतडं. दर काही महिन्यांनी नवी खूण, नवा अवयव. आपण बरोबर दारापाशी उभे आहोत असं तेव्हा वाटायचं.

माझं रोजचं काम मात्र दोन नळ्यांचं होतं. फ्लो सायटोमीटर पेशींना एकामागून एक लेझरसमोरून नेतो. खुणेला चिकटलेला रंग चमकला की त्या पेशीच्या थेंबाला विद्युतभार देतो, आणि थेंब वळून ठरलेल्या नळीत पडतो. सेकंदाला हजारो थेंब. अंधाऱ्या, गार खोलीत सहा-सहा तास बसून मी दोन नळ्या भरायची. एकीवर पॉझिटिव्ह, म्हणजे मूलपेशींची खूण असलेल्या; दुसरीवर निगेटिव्ह, म्हणजे ती नसलेल्या. पॉझिटिव्ह नळी म्हणजे प्रयोग. निगेटिव्ह नळी म्हणजे तुलनेपुरती, काम झालं की ब्लीचमध्ये. त्या नळीत गाठीतल्या बहुसंख्य पेशी असायच्या, आणि आमच्या लेखी त्यांच्यात काही उरलेलं नसायचं.

वेगळ्या केलेल्या पेशींची परीक्षा दोन प्रकारांनी होते. एक स्फिअरची. पेशींना बुडाला चिकटू न देणाऱ्या प्लेटमध्ये, सीरमशिवाय, फक्त वाढीचे ठराविक घटक देऊन ठेवायचं. बहुतेक पेशी मरतात. जिच्यात दम असतो ती तरंगत्या अवस्थेतच विभागून गोळा बनवते. ते गोळे फोडून पुन्हा लावायचे, पुन्हा गोळे येतात का बघायचं. दुसरी परीक्षा उंदरांतली. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना १०,०००, १,०००, १००, १० अशा उतरत्या संख्येने पेशी टोचायच्या आणि किती उंदरांत गाठ धरली त्यावरून मूलपेशींचं प्रमाण काढायचं. या प्रयोगाला महिने लागतात. रविवार, सण, आजारपण काही चालत नाही, कारण उंदरांना रोज बघावं लागतं. त्यांना त्रास होऊ लागण्याआधी प्रयोग थांबवायचा असतो, आणि हा नियम मी कधी सैल होऊ दिलेला नाही.

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, दुसऱ्या वर्षी निगेटिव्ह नळीने मला अडवलं. एकदा ती नळी फेकायची राहून गेली. पेशी साध्या मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, इनक्युबेटरमध्ये तशाच वाढत राहिल्या. दोन आठवड्यांनी सहज त्यांना पुन्हा रंग लावून यंत्रावर घातलं, तर पडद्यावर जिथे कोरी जागा असायला हवी होती तिथे ठिपक्यांचा लहानसा ढग. सीडी४४ आहे, सीडी२४ नाही. म्हणजे आम्ही ज्यांना मूलपेशी म्हणत होतो त्याच.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. सॉर्टिंग कच्चं झालं असेल, पॉझिटिव्ह नळीतल्या दोन-चार पेशी इकडे सांडल्या असतील आणि त्याच वाढल्या असतील. मी पुन्हा केलं. सॉर्ट झालेल्या पेशी लगेच परत यंत्रातून काढून शुद्धता तपासली. पेशींत नकळत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा जंतूची चाचणी केली. पेशीरेषांची, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींची, डीएनए ओळख पटवून घेतली. हे करणं अतिदक्षता नव्हे. स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली एमडीए-एमबी-४३५ ही पेशीरेषा प्रत्यक्षात मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाची, निघाली होती आणि तिच्यावर पेपरमागून पेपर छापून झाले होते. सगळं ठीक होतं, तरी ढग आला. मग ९६ घरांच्या प्लेटमध्ये प्रत्येक घरात एकच निगेटिव्ह पेशी टाकली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून घर न घर तपासलं. एकच पेशी, खूण नसलेली. ज्या घरांत वस्ती वाढली त्यांतल्या काहींत तरीही ढग.

पोस्टडॉकचे माझे सर म्हणाले, "सॉर्टिंगकडे परत बघ." मी परत बघितलं. असं करता करता वर्ष सरलं. पेपर पाठवला तो परत आला. एका परीक्षकाने लिहिलं होतं, की हे सॉर्टिंगमधल्या अशुद्धतेमुळे असण्याची शक्यता सर्वाधिक. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं, कारण आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक शिडी पक्की बसलेली होती: वर मूलपेशी, खाली तिची लेकरं, आणि शिडी फक्त उतरता येते.

२०११ साली दोन पेपर आले. अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधल्या रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने दाखवलं, की मूलपेशी नसलेल्या पेशी आपणहून मूलपेशीसारख्या होऊ शकतात. त्याच वर्षी एरिक लँडर यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीरेषांमधल्या वेगवेगळ्या अवस्थांतल्या पेशी शुद्ध करून वेगळ्या वाढवल्या, तर काही दिवसांत प्रत्येक वस्ती मूळच्याच प्रमाणावर परत आली. आमचं काम मागे पडलं, याचं दुःख झालं. पण त्याहून मोठी सुटका होती. दोन वर्षं मी माझ्या हातांना दोष देत होते आणि पेशी खरं बोलत होत्या.

माझं हरळीचं उदाहरण तिथे मोडलं. कापून टाकलेलं पातं मातीत पडून काशी होऊ शकत असेल, तर नुसत्या काशा वेचून वाफा साफ होणार नाही.

याच्या थोडं आधी, २००८ मध्ये, शॉन मॉरिसन यांच्या गटाने आणखी एक धक्का दिलेला होता. मेलॅनोमात गाठ धरणारी पेशी दहा लाखांत एखादी असं आधीच्या मोजणीवरून वाटत होतं. त्यांनी प्रतिकारशक्ती आणखी खालावलेले उंदीर वापरले, पेशींना आधाराला जेल दिलं, थोडा जास्त वेळ वाट बघितली, आणि चारांत साधारण एक पेशी गाठ धरू लागली. पेशी त्याच, जमीन बदलली. तेव्हापासून विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न विचारतेच: तू मोजलंस ते पेशीचं सामर्थ्य, की तू दिलेल्या जागेचं?

दोन्ही गोष्टी पचायला वेळ लागला. कर्करोगाची मूलपेशी ही एखादी व्यक्ती नव्हे. ती एक अवस्था आहे, आणि काही पेशी तिच्यात जातात, येतात. सगळ्या नाही, हेही महत्त्वाचं. आमच्याकडच्या काही नमुन्यांत ढग यायचा, काहींत महिना गेला तरी यायचा नाही, आणि हे मला कित्येक वर्षं छळत होतं. २०१३ मध्ये वाइनबर्ग यांच्याच गटाने त्याचं एक कारण दाखवलं. बेसल प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात झेब१ नावाच्या जनुकाचं दार पूर्ण मिटलेलंही नसतं, उघडलेलंही नसतं, नुसतं लोटलेलं असतं. आजूबाजूने टीजीएफ-बीटाचा संदेश आला की ते उघडतं आणि पेशी मूलपेशीच्या अवस्थेत जाते. ल्युमिनल प्रकारात तेच दार घट्ट बंद असतं. मी त्या रात्री जुन्या वह्या काढून बसले. पॅथॉलॉजीचे रिपोर्ट आणि आमचे ढग शेजारी शेजारी ठेवले. सगळे जुळले नाहीत, पण बरेच जुळले.

औषधांच्या बाजूचा माझा अनुभव जास्त कडू आहे. २००९ साली सुमारे १६,००० संयुगं तपासून सॅलिनोमायसिन सापडलं, तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो. मूळचं हे कोंबड्यांना देण्याचं औषध. केमोतल्या नेहमीच्या पॅक्लिटॅक्सेलच्या तुलनेत त्याने मूलपेशींचं प्रमाण शंभरपटीहून जास्त खाली आणलं. पण माणसाला ते विषारी आहे, उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात अंतर फार कमी. त्यानंतर मी स्वतःची लॅब सुरू केली आणि नॉच या संदेशमार्गाकडे वळले. मूलपेशी त्या मार्गावर बऱ्याच अवलंबून असतात. गॅमा-सिक्रेटेज हे एन्झाइम अडवलं की तो संदेश थांबतो. या वर्गातली औषधं आधी अल्झायमरसाठी तपासली जात होती.

प्लेटमध्ये स्फिअर विरघळले. उंदरांतल्या गाठी लहान झाल्या. आणि उंदीर वाळू लागले. आतड्याचे काप बघितले तेव्हा कारण समोर होतं. आतड्याच्या अस्तरातल्या मूलपेशीही नॉचवरच जगतात. तो थांबवला की त्या श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशींत बदलतात. संपूर्ण अस्तर त्या फुगीर पेशींनी भरलेलं होतं. माणसांवरच्या चाचण्यांतही याच कारणाने जुलाब ही मोठी अडचण ठरली. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकावरून मी बराच वेळ उठले नाही. कर्करोगाने आपल्याच शरीराची रीत उचललेली आहे हे मी शेकडो वेळा भाषणांत म्हटलं होतं. त्याची किंमत काय, ते तिथे काचेवर दिसत होतं. आता आमच्या लॅबमध्ये कुठलंही नवं संयुग गाठीच्या पेशींवर टाकण्याआधी निरोगी आतड्याच्या ऑर्गनॉइडवर, म्हणजे प्लेटमध्ये वाढवलेल्या छोट्या आतड्यावर, टाकतात. खर्च वाढतो, वेळ जातो, पण हा क्रम मी बदलू देत नाही. त्या वर्गाचं पुढे काही झालंच नाही असंही नाही. २०२३ मध्ये त्यातल्या निरोगॅसेस्टॅटला अमेरिकेत डेस्मॉइड गाठींसाठी मान्यता मिळाली. आम्ही डोळ्यांसमोर धरला होता तो आजार नव्हे, पण ज्यांना त्या गाठी आहेत त्यांच्यासाठी ते सगळं काही आहे.

एकदा सर्जन मॅडमनी मला त्यांच्या ओपीडीत बोलावलं. एक बाई होत्या, आजार परत आलेल्या. संशोधनासाठी पुन्हा नमुना द्यायचा का, हे ठरवण्याआधी त्यांना काम करणाऱ्या माणसाशी बोलायचं होतं. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मागच्या वेळी दिलेली माझी गाठ तुमच्याकडे अजून जिवंत आहे?" मी सांगितलं, की नमुन्यांवर नावं नसतात, त्यामुळे तुमची कुठली हे मला कधीच कळणार नाही, पण त्या वर्षीचे काही नमुने द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेले आहेत आणि आम्ही त्यांच्यावर काम करतो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग मारायच्या आधी नीट बघून घ्या तिला." त्यांनी सही केली. हे वाक्य मी कुठल्याही भाषणात वापरलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

नीट बघणं म्हणजे काय, ते मला दोन रक्ताच्या कर्करोगांनी शिकवलं. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया एकेकाळी अत्यंत घातक होता. १९८८ साली शांघायमधल्या डॉक्टरांनी ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातला पदार्थ, देऊन रुग्ण सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. या औषधाने अपरिपक्व पेशी मोठ्या होतात, आणि मोठी झालेली रक्तपेशी आपोआप संपते. पुढे त्याला आर्सेनिकची जोड मिळाली. आजार घडवणारं प्रथिनच त्याने नष्ट होतं. २०१३ च्या एका चाचणीत नेहमीच्या केमोशिवाय फक्त या जोडीवर ठेवलेल्या रुग्णांपैकी ९७ टक्के दोन वर्षांनी आजार न उलटता जगत होते. केमोच्या गटात ८६ टक्के. ठार मारण्याऐवजी अवस्थेतून बाहेर काढणं चालतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुसरा क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. इमॅटिनिब या गोळीने २००१ पासून या आजाराचं रूप पालटलं, पण सुस्त मूलपेशी त्याने मरत नाहीत. म्हणून गोळी जन्मभर, असं मानलं जायचं. फ्रान्समध्ये १०० रुग्णांनी, निदान दोन वर्षं आजाराचा मागमूस नसताना, गोळी थांबवून बघितली. २०१० मध्ये निकाल आला: सुमारे ४० टक्के लोकांत आजार परतला नाही. ज्यांचा परतला त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी सुरू केल्यावर तो पुन्हा ताब्यात आला. परतला नाही त्या लोकांत मूलपेशी संपल्या, की आहेत पण शरीर त्यांना दाबून ठेवतंय, हा प्रश्न मला आजही इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त ओढतो.

घट्ट गाठींत अजून तो दिवस यायचा आहे. २०१७ मध्ये दोन गटांनी, त्यातला एक जपानच्या केइओ विद्यापीठातला तोशिरो सातो यांचा, मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या एलजीआर५ खुणेच्या मूलपेशी जनुकीय युक्तीने वेचून मारल्या. वाढ खुंटली. मारणं थांबवल्यावर खूण नसलेल्या पेशींमधून पुन्हा एलजीआर५ पेशी उभ्या राहिल्या आणि गाठ वाढू लागली. पेपर वाचून माझी एक विद्यार्थिनी धावत आली, "मॅडम, ही तर तुमची निगेटिव्ह नळी!" दुसऱ्या गटाच्या उंदरांत मात्र यकृतात पसरलेल्या गाठी मांडायला आणि टिकायला याच पेशी लागतात असं दिसलं. एकाच आजारात, जागा बदलली की पेशीची गरज बदलते. त्यामुळे "मूलपेशी मारा, कर्करोग संपेल" असं कुणी छातीठोक सांगू लागलं, की मी विचारते: कुठला कर्करोग, कुठल्या जागी, आणि उरलेल्यांचं काय करणार?

कधी लक्ष्य बरोबर असतं, हत्यार चुकतं. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगातल्या डीएलएल३ प्रथिनावर विष लादलेल्या अँटीबॉडीचा एक मोठा प्रयत्न २०१९ मध्ये सोडून द्यावा लागला. त्याच प्रथिनाला एका हाताने आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशीला दुसऱ्या हाताने धरणाऱ्या टार्लाटॅमॅबला मे २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मधल्या पाच वर्षांत किती जणांनी ते लक्ष्यच टाकाऊ ठरवलं होतं, हे मला ग्रँटच्या बैठकांमधून आठवतं.

सध्या आमच्याकडे चाललेला प्रयोग साधा आहे. बेसल प्रकारच्या गाठींतल्या पेशी, आणि दोन औषधं. एक केमोचं, दुसरं ते लोटलेलं दार उघडू न देणारं. दोन्ही नळ्यांना दोन्ही औषधं, वेगवेगळी आणि एकत्र. निगेटिव्ह नळी आता कुणी ब्लीचमध्ये टाकत नाही. तिची वेगळी वही आहे, आणि पॉझिटिव्हच्या वहीपेक्षा ती जाड आहे.

आज बारावा दिवस होता. फक्त केमो दिलेल्या घरांत ढग परत आला. जोडीच्या घरांत नवव्या दिवसापर्यंत काही नव्हतं. आज सकाळी विद्यार्थिनीने मला बोलावून तीन घरं दाखवली. प्रत्येकात एकेक छोटा स्फिअर, जेमतेम आठ-दहा पेशींचा. तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "हे तीन वेगळे काढ, मारू नकोस. यांचं झेब१ बघायचंय." तिने घरांचे क्रमांक निगेटिव्हच्या वहीत लिहिले, मी तारखेखाली सही केली, आणि प्लेट परत इनक्युबेटरमध्ये गेली.